कायदा दारापर्यंतच पोहोचतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत तातडीचे उपचार वर्ण आणि ऐपत पाहून मिळतात का, या वादात दोन ठरलेली मते ऐकू येतात. एक म्हणजे, १९८६ पासून कायदाच आहे, रुग्णाला परत पाठवता येत नाही, मग भेदभाव कुठला? दुसरे म्हणजे, सगळा दोष डॉक्टरांच्या मनातल्या वर्णद्वेषाचा. आपत्कालीन वैद्यकात काम करणाऱ्या आम्हा मंडळींना दोन्ही मते अर्धवट वाटतात. दारातला भेदभाव कायद्याने बराच आटोक्यात आणला. उरला आहे तो आतल्या छोट्या छोट्या टप्प्यांवर. तिथे कुणी कुणाला नाही म्हणत नाही, फक्त मिनिटे वाढत जातात.

आधी कायद्याविषयी. १९८६ चा हा कायदा म्हणजे ‘एम्टाला’. तो आला त्याच वर्षी शिकागोच्या कुक काउंटी या सार्वजनिक रुग्णालयात इतर रुग्णालयांनी धाडलेल्या ४६७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांतले ८९ टक्के कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाचे) होते. ८७ टक्क्यांना हलवण्याचे कारण विमा नसणे हे होते आणि लेखी संमती जेमतेम ६ टक्क्यांची होती. नव्या कायद्याने मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेचे पैसे घेणाऱ्या, आपत्कालीन विभाग असलेल्या रुग्णालयांवर तीन बंधने घातली: आलेल्या प्रत्येकाची तपासणी करायची, प्रकृती स्थिर करायची, आणि हलवायचेच असेल तर समोरच्या रुग्णालयाची मान्यता आणि कागदपत्रे घेऊन नीट हलवायचे. विम्याची चौकशी करायला मनाई नाही, मात्र तिच्यासाठी तपासणी लांबता कामा नये.

पण ‘तपासणी’ किती वेळात व्हावी हे कायदा सांगत नाही. ते ठरते ट्रायाजच्या टेबलावर, म्हणजे आल्या आल्या कुणाला आधी पाहायचे हे नर्स ठरवते तिथे. अमेरिकेत सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत पाच पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर तत्काळ जीव वाचवण्याची गरज असलेला रुग्ण, दुसऱ्यावर धोक्याचा, गोंधळलेला किंवा तीव्र वेदनेतला. तिसऱ्यापासून पुढे किती तपासण्या आणि साधने लागतील यावर क्रमांक ठरतो. खरी मेख दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीमध्ये आहे. दुसऱ्या पायरीचा रुग्ण आत जातो, तिसऱ्याचा बाहेर खुर्चीवर बसतो आणि गर्दीच्या दिवशी तासन्‌तास बसतो. तिसऱ्या पायरीच्या प्रौढाला वर चढवायचे का, हे पाहताना नर्स तीन आकडे बघते: नाडी १०० च्या वर, श्वास मिनिटाला २० च्या वर, रक्तातला प्राणवायू ९२ टक्क्यांखाली.

यातला तिसरा आकडा देणारे यंत्रच सर्वांना सारखे मोजत नाही. पल्स ऑक्सिमीटर बोटातून साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सोडतो आणि नाडीच्या ठोक्यागणिक दोन्ही किती शोषले जातात त्याचे गुणोत्तर काढतो. त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य ठोक्याबरोबर बदलत नाही, त्यामुळे गणितात ते आपोआप वगळले जावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तसे पूर्णपणे होत नाही. शिवाय गुणोत्तरावरून टक्केवारी काढायचा तक्ता निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायू देऊन बनवतात आणि त्यांत गडद त्वचेचे लोक फार थोडे असत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या सूचनेनुसार किमान १० जणांवर चाचणी आणि त्यांत गडद त्वचेचे दोन जण किंवा १५ टक्के, यांतले जे जास्त ते, एवढे पुरेसे होते. दोन जण!

परिणाम डिसेंबर २०२० मध्ये आकड्यांत समोर आला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीच्या रक्तात प्राणवायू ८८ टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांच्या नोंदींत ११.७ टक्के निघाले, गोऱ्यांच्या ३.६ टक्के. आता ट्रायाजचा नियम आठवा. पडद्यावर ९३, रक्तात ८७, रुग्ण तिसऱ्या पायरीवर, खुर्चीत. नर्सच्या मनात तसूभरही पूर्वग्रह नसला तरी हेच घडेल. म्हणून ‘कर्मचाऱ्यांना संवेदनशीलतेचे प्रशिक्षण द्या’ एवढ्याच सूचनेचा आम्हाला कंटाळा येतो. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात अन्न व औषध प्रशासनाने दीडशे किंवा अधिक स्वयंसेवक आणि त्वचेच्या छटांचे प्रत्यक्ष मोजमाप सुचवले आहे, पण आज भिंतींवर लटकलेली यंत्रे जुनीच आहेत.

तोवर करायचे ते साधे आहे. हात गार असेल तर ऊब द्यावी, नखरंग पुसावा, आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे. श्वास पूर्ण मिनिटभर मोजावा. बहुतेक ठिकाणी तो डोळ्यांनी अंदाजून १८ लिहिला जातो आणि दुसरी खूणही हातची जाते. निळसरपणा बोटांवर शोधण्यापेक्षा जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला पाहावा, गडद त्वचेवर तो तिथेच दिसतो. रुग्णाला दम लागला आहे आणि यंत्र ९३ म्हणते, तर रुग्णावर विश्वास ठेवून धमनीतले रक्त तपासावे.

वेदनेची गोष्ट वेगळी. इथे माणसाचाच संबंध येतो, पण लोक समजतात तसा नाही. १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयातला अभ्यास आला: हातापायाचे लांब हाड मोडलेल्या हिस्पॅनिक रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना आपत्कालीन विभागात एकही वेदनाशामक मिळाले नव्हते, गोऱ्यांपैकी २६ टक्क्यांना. २००० साली अटलांटात कृष्णवर्णीयांच्या बाबतीत तसेच चित्र दिसले: औषध न मिळालेले ४३ टक्के, गोरे २६. मधल्या काळात, १९९४ मध्ये, पहिल्याच संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला: डॉक्टरांना हिस्पॅनिक रुग्णांची वेदना कमी वाटते का? उत्तर नकारार्थी आले. वेदनेचा अंदाज दोन्ही गटांत सारखाच होता. म्हणजे वेदना दिसत होती. दिसण्यापासून औषध लिहिण्यापर्यंतच्या वाटेत काहीतरी अडत होते.

ही वाट तोडायचा उपाय म्हणजे डॉक्टरची वाट न पाहता नर्सने सुरू करायचे लेखी आदेश. दहापैकी अमुक गुणांच्या वर वेदना आणि संशयित अस्थिभंग असेल तर हाड हलू नये म्हणून आधाराची पट्टी, बर्फ, ॲलर्जी आणि यकृताचा आजार विचारून प्रौढाला एक ग्रॅमपर्यंत पॅरासिटामॉल, आणि अर्ध्या तासाने पुन्हा गुण विचारून नोंद. ही शेवटची नोंदच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. ती नसेल तर पहिली मात्रा पुरली की नाही हे कुणालाच कळत नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारातल्या तीव्र वेदनेच्या झटक्यासाठी तर २०१४ पासून राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे: नोंदणीपासून ६० मिनिटांत किंवा ट्रायाजपासून ३० मिनिटांत वेदनाशामक सुरू व्हावे. तिथे हे रुग्ण बहुतांशी कृष्णवर्णीय असतात, नेमके औषध आणि मात्रा स्वतःच सांगतात, आणि त्याच कारणाने ‘नशेसाठी आलाय’ असा शिक्का खातात.

दाराआधीच्या अंतराबद्दल थोडक्यात. शिकागोच्या साउथ साइड या प्रामुख्याने कृष्णवर्णीय भागातल्या विद्यापीठ रुग्णालयाने प्रौढांचे ट्रॉमा केंद्र (गंभीर जखमींवरच्या उपचारांचे केंद्र) १९८८ मध्ये बंद केले. रहिवाशांच्या अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर ते २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाले. रुग्णवाहिकेचे तर वेगळेच त्रांगडे. २०२२ पासून लागू झालेला अनपेक्षित बिलांविरुद्धचा कायदा हवाई रुग्णवाहिकेला लागू आहे, रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेला नाही. बिलाच्या धाकाने छातीत कळा येणारा माणूस टॅक्सी करतो. मग वाटेतला ईसीजी होत नाही, हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडणाऱ्या कॅथलॅबला आगाऊ निरोप जात नाही, आणि तो रांगेत साध्या पावलांनी चालत येतो, म्हणून फारसा आजारीही वाटत नाही. दहा मिनिटांत ईसीजी हा नियम सगळ्यात जास्त यांच्याच बाबतीत मोडतो.

यातली विसंगती अशी की ज्या देशात हे चालते तिथे प्रशिक्षित पॅरामेडिकांची (रुग्णवाहिकेतच उपचार करणाऱ्यांची) सुरुवातीची एक सेवा पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमधल्या कृष्णवर्णीय तरुणांनीच उभी केली. १९६७ ची ‘फ्रीडम हाउस’. त्याआधी त्या वस्तीतला रुग्ण पोलिसांच्या गाडीत टाकून नेला जाई. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू करताना ती बंद केली.

आणि पैशाचा खरा फास ‘स्थिर’ या अटीत आहे. प्रकृती स्थिर झाली की एम्टालाचे बंधन संपते. मोडलेल्या मनगटाला तात्पुरता आधार बांधून ‘आठवड्यात अस्थितज्ज्ञाला दाखवा’ म्हणून घरी पाठवणे कायदेशीर आहे. अस्थितज्ज्ञाच्या दवाखान्यावर मात्र हा कायदा नाही, तिथे विमा नसेल तर आधी पैसे मागता येतात. हाड वाकडे जुळते. मूत्रपिंड निकामी झालेल्या, कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांचे हाल याहून वाईट. काही राज्यांत त्यांना नियमित डायलिसिस मिळत नाही. पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर किंवा फुप्फुसात पाणी अशी अवस्था झाली की आपत्कालीन विभागात डायलिसिस करतात, स्थिर झाले की सोडतात आणि काही दिवसांनी तोच माणूस तशाच अवस्थेत परत येतो. कोलोरॅडोने २०१९ मध्ये नियमित डायलिसिस खुले केले. आठवड्यातून तीनदा ठरलेल्या वेळी केलेले डायलिसिस वारंवारच्या अतिदक्षता विभागाहून स्वस्त पडते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आमची मागणी एकच, आणि ती कंटाळवाणी आहे. प्रत्येक रुग्णालयाने पाच टप्प्यांना लागणाऱ्या वेळा जाहीर कराव्यात: येणे ते ट्रायाज, ट्रायाज ते डॉक्टर, छातीदुखीत ईसीजी, अस्थिभंगात पहिले वेदनाशामक, आणि भरतीचा निर्णय ते प्रत्यक्ष खाट. वर्ण, भाषा आणि विमा यांनुसार वेगवेगळ्या, तिमाहीला एकदा. शिवाय न तपासताच निघून गेलेल्यांची संख्या. या नोंदी संगणकात मिनिटासह असतातच, फक्त कुणी तशा काढून पाहत नाही. सरासरी देऊ नये, मध्यक (निम्म्या रुग्णांना ज्याहून कमी लागतो तो वेळ) आणि सर्वांत उशिरा आत गेलेल्या दहा टक्क्यांचा वेळ द्यावा. अन्याय त्या दहा टक्क्यांत दडलेला असतो.

मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या ज्येष्ठ वाचकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. दुभाषा मोफत मागण्याचा हक्क आहे, फोनवर मराठी बोलणाराही मिळू शकतो. नातवंडांकडून भाषांतर करून घेऊ नये, ती लक्षणे गाळतात. आणि बिल आले की लगेच कार्डावर भरू नये. आधी बाबवार बिल मागवावे. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावेच लागते. पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत त्यासाठी अर्ज करता येतो आणि पहिले १२० दिवस त्यांना पतमानांकन संस्थेकडे तक्रार किंवा कोर्टकचेरी सुरू करता येत नाही. परदेशी पाहुणा साहाय्यात बसतो की नाही हे त्या रुग्णालयाच्या धोरणावर असते, तेव्हा ते धोरण आधी मागून घ्यावे.

आपले,
आपत्कालीन वैद्यकातील काही डॉक्टर व परिचारिका