लाल-पिवळ्या ठिपक्यांवरून गेमचे व्यसन ठरत नाही

महोदय,

गेमच्या व्यसनाची बातमी आली की सोबत मेंदूचे एक करडे चित्र आणि त्यावर लाल-पिवळे ठिपके, ही आता ठरलेली मांडणी झाली आहे. खाली ओळ असते, 'गेममुळे मेंदूत कोकेनसारखेच बदल'. त्याचा परिणाम मानसोपचाराच्या ओपीडीत दिसतो. आईवडील मुलाला घेऊन येतात ते थेट एमआरआय मागतात. काहींच्या हातात तर 'ब्रेन मॅपिंग'चा रंगीत अहवाल आधीच असतो, तोही चांगले पैसे मोजून काढलेला. म्हणून हे ठिपके येतात कुठून ते जरा सविस्तर लिहीत आहोत.

हे ठिपके येतात ते फंक्शनल एमआरआय या तपासणीतून, म्हणजे मेंदू काम करत असताना घेतलेल्या एमआरआयमधून. तिला चेतापेशींचे काम थेट दिसत नाही. मेंदूच्या ज्या भागाचे काम वाढते तिथे रक्तपुरवठा वाढतो. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचा चुंबकीय गुणधर्म वेगळा असतो आणि यंत्र तेवढा फरक टिपते. हा फरक एखाद-दुसऱ्या टक्क्याचा असतो आणि यंत्रात झोपलेल्या माणसाला एखादे चित्र दाखवल्यानंतर पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोहोचतो. मेंदूचे साधारण तीन मिलिमीटर बाजूचे हजारो घन कल्पून प्रत्येकाबाबत एकच गणित मांडले जाते: गेमचे चित्र पाहताना मिळालेला संकेत दुसरे, निरर्थक चित्र पाहतानाच्या संकेतापेक्षा जास्त होता का? संख्याशास्त्राच्या चाळणीतून जे घन पार होतात, त्यांना रंग मिळतो. तेव्हा रंग हा दोन अवस्थांमधल्या फरकाबद्दलच्या खात्रीचा आकडा असतो, 'पेटलेल्या' मेंदूचा फोटो नव्हे. चाळणी सैल ठेवली तर काय होते, ते अमेरिकेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. त्यांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली'. हजारो घन एकदम तपासले की काही नुसत्या योगायोगानेही पार होतात. त्यासाठीची दुरुस्ती न करता गणित केले, तर माशाच्या मेंदूतही ठिपके उमटले! त्यात आत झोपलेल्याने डोके जरा हलवले तरी संकेत बिघडतो, आणि पंधरा वर्षांचा चुळबुळ्या मुलगा अर्धा तास निश्चल पडून राहील ही अपेक्षाच धाडसाची.

बातम्यांतले 'डोपामिन दुप्पट होते' हे वाक्य (डोपामिन म्हणजे बक्षीस आणि ओढ यांच्याशी जोडलेले मेंदूतले रसायन) बहुधा लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या १९९८ च्या अभ्यासातून आलेले असते. तो पीईटी (पेट) स्कॅन होता, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ शरीरात सोडून घेतलेले चित्र. किरणोत्सारी कार्बन जोडलेले रॅक्लोप्राइड नावाचे रसायन शिरेतून दिले जाते आणि ते डोपामिनच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवर डोपामिन जिथे बसते त्या जागांवर, बसते. मेंदूने स्वतःचे डोपामिन सोडले की रॅक्लोप्राइडला बसायला जागा कमी उरते, त्यावरून अंदाज बांधतात. अभ्यासात आठ पुरुष होते आणि त्यांतला कोणीही गेमच्या आहारी गेलेला म्हणून निवडलेला नव्हता. ते रणगाड्याचा एक खेळ खेळत होते, पुढची पातळी गाठली की पैसे मिळत होते, आणि तुलना होती कोऱ्या पडद्याकडे पाहत बसण्याशी. पैसे मिळणे, हात चालवणे, लक्ष देणे, सगळे त्या आकड्यात मिसळलेले आहे. अभ्यास महत्त्वाचाच आहे. पण त्यातून निघते ते एवढेच, की बक्षीस असलेल्या खेळात डोपामिन सुटते. ते भुकेच्या वेळी जेवण समोर आल्यावरही सुटते.

प्रत्यक्ष व्यसनी खेळाडूंवरचा बहुचर्चित अभ्यास तैवानचा, २००९ चा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेमच्या आहारी गेलेले दहा जण आणि तेवढेच इतर. त्यांना गेममधली चित्रे आणि अर्थहीन चौकटींची चित्रे दाखवली. व्यसनी गटात न्यूक्लिअस अक्युम्बन्स, ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स, अँटेरिअर सिंग्युलेट, डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि कॉडेट या बक्षीस, तलफ आणि निर्णय यांच्याशी संबंधित भागांत जास्त हालचाल दिसली. बाटली पाहून दारूड्याला तलफ येते तेव्हा साधारण याच भागांत हालचाल वाढते. 'कोकेनसारखे' या शब्दामागे एवढाच आधार आहे: खूण दिसली की तलफ उठते आणि तलफेचे मार्ग समान आहेत. गेम कोकेनइतका घातक आहे असे यातून निघत नाही.

शिवाय निष्कर्ष गटाच्या सरासरीचा असतो. दोन गटांतले आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एकट्या मुलाचा स्कॅन घेऊन तो कोणत्या गटातला हे सांगता येत नाही. आधी काय आणि नंतर काय, हेही एकदाच घेतलेल्या स्कॅनमधून कळत नाही. २०११ मध्ये १५४ चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या अभ्यासात जास्त खेळणाऱ्यांच्या डाव्या व्हेंट्रल स्ट्रायटमचा (बक्षिसाशी संबंधित भागाचा) आकार मोठा आढळला. तिथे 'जास्त' म्हणजे आठवड्याला नऊ तासांहून अधिक. ही मर्यादा आपल्याकडची कितीतरी मुले एका शनिवार-रविवारी ओलांडतात, पण त्याला व्यसन म्हणत नाहीत. खेळून तो भाग वाढला, की तो मोठा असलेली मुले खेळाकडे ओढली गेली? अभ्यास सांगू शकत नाही. अनेक रुग्णांना आधीपासून एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) किंवा नैराश्य असते, झोप अपुरी असते, आणि नुसत्या जागरणानेही कपाळामागच्या, स्वतःला आवर घालणाऱ्या प्रीफ्रंटल भागाचे काम मंदावते.

निदान होते ते विचारपूस करून. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, गेमिंग डिसऑर्डरच्या, म्हणजे गेमच्या व्यसनाच्या, तीन खुणा आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर गोष्टींपेक्षा खेळाला वाढते प्राधान्य, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. त्यामुळे अभ्यास, नोकरी, घर यांत ठळक बिघाड हवा आणि हे साधारण बारा महिने चाललेले हवे. लक्षणे तीव्र असतील तर कमी काळही चालतो. किती तास हा निकषच नाही. पैसे लावून रमी खेळणारा प्रौढ तर बहुतेक वेळा जुगाराच्या निदानात बसतो, त्याचे उपचार आणि कर्जाचे प्रश्न वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदीचा कायदा केला, पण जडलेली सवय कायद्याबरोबर सुटत नाही.

तपासणीला येताना एमआरआयऐवजी दोन आठवड्यांची वही आणावी. मूल कधी झोपले, कधी उठले, कधी ते कधी खेळले, कोणता गेम, त्या दिवशी काय बुडाले, खेळ थांबवल्यावर काय झाले. त्यातून डॉक्टरांना स्कॅनपेक्षा कितीतरी जास्त कळते.

तैवानच्या अभ्यासाचा खरा उपयोग घरात आहे. तलफ खुणेने उठते, तर खुणा काढा. गेमची नोटिफिकेशन बंद, चिन्ह पहिल्या पडद्यावरून हलवलेले, चार्जर झोपण्याच्या खोलीबाहेर. रोज लॉगिन केल्यावर मिळणारी बक्षिसे आणि आत काय निघेल ते माहीत नसलेल्या पेट्या यांवर विशेष नजर ठेवा: अनपेक्षित बक्षिसाला डोपामिनच्या पेशी सर्वांत जोरात प्रतिसाद देतात, आणि गेम बनवणाऱ्यांनी नेमके तेच हेरले आहे. यूपीआय आणि कार्ड गेमच्या खात्यापासून तोडा.

वेळ मिनिटांत ठरवू नका, डावांत ठरवा. शेवटी एकच खेळाडू किंवा संघ उरेपर्यंत चालणाऱ्या 'बॅटल रॉयल' प्रकारच्या गेमचा एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो. मध्येच राउटर बंद केला की साथीदार अडकतात, गुण कापले जातात, मुलगा चवताळतो, आणि त्या चवताळण्यालाच आईवडील व्यसनाचा पुरावा धरतात. 'आणखी दोन डाव, तिसरा सुरू करायचा नाही' हे पाळणे सोपे जाते. दर आठवड्याला थोडे कमी करा. सुरुवातीचे काही दिवस चिडचिड आणि झोपेची गडबड होते, ती धरून चाला. मात्र जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली तर ती धमकी समजून सोडून देऊ नका, त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. उपचारांत सर्वाधिक पुरावा कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा आहे. या विकारासाठी मान्यता मिळालेले औषध नाही. सोबतच्या एडीएचडी किंवा नैराश्यासाठी मात्र औषधे द्यावी लागतात.

'ब्रेन मॅपिंग'वाल्यांना एकच प्रश्न विचारावा: या अहवालामुळे उपचारात नेमके काय बदलणार?

आपल्याकडे विनंती इतकीच. मेंदूचे चित्र छापाल तेव्हा खाली किती जणांवर अभ्यास झाला, तुलना कशाशी होती आणि चित्र एकाचे की गटाच्या सरासरीचे, हे द्यावे. तेवढी जागा नसेल, तर चित्र वगळावे.

— मानसोपचार व क्लिनिकल सायकॉलॉजी क्षेत्रात काम करणारे काही वाचक, पुणे