मनूस, कराडहून

कराड, रविवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी मी 'लिहू नकोस' म्हणाले, त्यावर फोन ठेवताना तू म्हणालीस, "आई, दुर्गाबाई भागवतांची गोष्ट मला लहानपणी कुणी सांगितली?" मी काही बोलायच्या आत फोन ठेवलास. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुला उत्तरं देतेय. बाबा म्हणाले, लिहून पाठव तिला, फोनवर तुम्हा दोघींचं जमत नाही. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, जेवण झाल्यावर वाच.

आधी एक विचारून घेते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. तुझ्या इमारतीच्या फाटकाचा फोटो ज्याने इंटरनेटवर टाकला तो कोण, हे कळलं का? सायबर पोलिसांकडे तक्रार दिलीस का? दिली असशील तर पोच घेतलीस का? त्या फोटोत वॉचमनची खुर्ची रिकामी आहे आणि शेजारी तुझी स्कूटर उभी आहे, नंबर स्वच्छ वाचता येतो. बाबा म्हणतात, किती वेळा मोठा करून बघशील. पण मी बघते.

असो. साहित्य संमेलनावरच्या तुझ्या व्हिडिओबद्दल बोलू. चॅनेलने तो दाखवायला नकार दिला आणि तू राजीनामा दिलास हे मला बंडूकाकांकडून कळावं याचं वाईट वाटलं, पण ते राहू दे. आम्ही दोघांनी तो रात्री बसून शेवटपर्यंत पाहिला. बाबांनी मधे उठून पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "बोलते चांगली." तुझ्या बाबांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. दहावीच्या निकालाला तरी कुठे काही बोलले होते!

मला मात्र दोन गोष्टी खटकल्या, त्या सांगते.

2025 च्या फेब्रुवारीत दिल्लीला मराठी साहित्य संमेलन झालं, उद्घाटन पंतप्रधानांनी केलं, आणि 1975 च्या कराडच्या संमेलनात मंत्र्यांनी व्यासपीठावर बसू नये अशी अध्यक्ष दुर्गाबाईंची अट होती. दोन्ही चित्रं तू शेजारी शेजारी ठेवलीस, ठीकच केलंस. पण दिल्लीच्या अध्यक्ष ताराबाई भवाळकर होत्या, आणि त्यांना तू दीड वाक्यात उरकलंस. सांगलीची ही बाई आयुष्यभर बायकांच्या ओव्या, लोककथा, लोकनाट्य यांच्या मागे फिरली. दुर्गाबाईही लोकसाहित्याच्याच अभ्यासक. पन्नास वर्षांच्या अंतराने दोन्ही वेळा अध्यक्षपदी एक बाई आणि तीही लोकसाहित्यातली, हा केवढा धागा होता तुझ्या हातात! व्यासपीठावर कोण बसलं यावर तू इतकी चिडलीस की तिथून बोललं काय गेलं ते ऐकायचंच राहिलं. हे मी आई म्हणून बोलत नाही, जन्मभर ग्रंथालयात बसलेली बाई म्हणून बोलतेय.

दुसरं यशवंतराव चव्हाणांचं. कराडच्या संमेलनाचे ते स्वागताध्यक्ष होते, परराष्ट्रमंत्री होते, आणि कराड त्यांचं गाव होतं. तरी ते खाली श्रोत्यांत बसले. तू म्हणालीस, ती नुसती तडजोड होती. असेलही. आणीबाणीभर ते त्याच मंत्रिमंडळात राहिले, हेही खरंच आहे आणि माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ते त्यांना कधी माफ केलं नाही. पण आपल्याच गावात, आपल्याच लोकांसमोर, अध्यक्षाच्या शब्दाखातर खाली जाऊन बसायला मनाचा काहीतरी मोठेपणा लागतो की नाही? आज असा एक मंत्री दाखव मला. माणसाच्या खात्यावर दोन्ही बाजू मांडाव्यात. नाहीतर तुझ्यात आणि रात्री नऊ वाजता ओरडणाऱ्या त्या चौकटीतल्या लोकांत फरक काय राहिला?

बघ, पुन्हा व्याख्यान सुरू झालं. रागावू नकोस.

ती गोष्ट मी तुला खूप वेळा सांगितली, पण तिचा अर्धाच भाग सांगितला. तू लहान होतीस, तेवढा पुरेसा होता. अप्पा मला संमेलनाला घेऊन गेले तेव्हा मी शाळेत होते. डिसेंबरचे दिवस, मंडपात जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीचा वास, आणि लांबवर एक ठेंगणीशी म्हातारी बाई. मला वाटलं, एवढ्या लोकांसमोर ही काय बोलणार? इंदिरा गांधींविरुद्धच्या आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण तेव्हा आजारी होते, सरकारने कैदेतून सोडल्यावर त्यांना मुंबईला जसलोक रुग्णालयात आणलं होतं. वर्तमानपत्रं सेन्सॉरच्या परवानगीशिवाय काही छापू शकत नव्हती. त्या वातावरणात दुर्गाबाईंनी सगळ्यांना उभं राहून त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. अप्पा ताडकन उभे राहिले. माझा हात धरून मलाही उठवलं. आमच्या पुढे त्यांच्याच शाळेतले एक गुरुजी होते, ते आधी मागे वळून अप्पांकडे बघत राहिले आणि मग हळूहळू उठले. त्यांचे हात मला अजून दिसतात, टोपी काढावी की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं सांगितलं नव्हतं. रात्री घरी आल्यावर आजी अप्पांना काहीही बोलली नाही. पानं वाढली, आम्ही जेवलो. मग तिने दाराला कडी घातली, वर अडसर लावला, आणि लाल ट्रंक उघडून अप्पांची सगळी पत्रं आणि 'साधना' साप्ताहिकाचे जुने अंक एकेक करून चुलीत घातले. अप्पा बघत बसले. सरकारी शाळेतली नोकरी, चार पोरं, आणि लोकांना उचलून नेतायत अशा बातम्या कानावर येत होत्या. पुढच्या वर्षी खुद्द दुर्गाबाईंना अटक झाली, मुंबईत एशियाटिक लायब्ररीत वाचत बसल्या होत्या तेव्हा. पासष्टी ओलांडलेली बाई. ती बातमी कळल्यावर आजी अप्पांना म्हणाली, "बघितलंत?" तेवढंच.

मी तुला उभ्या राहिलेल्या अप्पांची गोष्ट सांगितली, चुलीपाशी बसलेल्या आजीची नाही. आता मला आजी जास्त कळते.

मनू, तू सकाळी वेताळ टेकडीवर जातेस, अजून जातेस का? साडेसहाला, एकटीच, कानात ते घालून? मी ठरवलं होतं की या पत्रात हे लिहायचं नाही. पण लिहिते. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी मी वाचनालय उघडत होते तेव्हा पेपर टाकणाऱ्या पोराने सांगितलं की दाभोलकरांना पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या. आमच्या साताऱ्याचे डॉक्टर. तरुणपणी कबड्डी गाजवलेला माणूस, त्यांचं चालणं अगदी सरळ. व्याख्यानात आवाज चढवायचे नाहीत, शांतपणे एकेक मुद्दा मांडायचे, समोरच्याने कितीही वाकडं विचारलं तरी. तेही सकाळी फिरायलाच निघाले होते. दीड वर्षाने कोल्हापुरात पानसरे, तेही फिरून परत येताना, सोबत त्यांच्या पत्नी उमाताई होत्या, त्यांनाही गोळी लागली. धारवाडला कन्नड लेखक कलबुर्गींच्या तर घराचंच दार वाजवलं. बंगळूरला पत्रकार गौरी लंकेश संध्याकाळी काम आटोपून घरी आल्या होत्या, फाटकापाशी. पूल, रस्ता, दार, फाटक. आता तुझ्या फाटकाचा फोटो कुणीतरी काढून टाकतो आणि तू मला म्हणतेस, "आई, ट्रोल आहेत, दोन दिवसांत विसरतील." दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल 2024 च्या मे महिन्यात लागला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष सुटले. जवळजवळ अकरा वर्षं गेली त्यात. न्याय मिळाला म्हणायचं का, ते तू सांग, तू कोर्टाच्या बातम्या केल्या आहेस.

तू कुणी फार मोठी नाहीस, असं तू म्हणशील. पालघरच्या त्या दोन मुली कुठे मोठ्या होत्या? 2012 साली बाळासाहेब गेले तेव्हा मुंबई बंद कशासाठी, एवढंच एकीने फेसबुकवर विचारलं आणि दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक. पुढे 2015 ला सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्याचं ते 66 अ कलमच रद्द केलं हे खरं, तू ते मला तेव्हा आनंदाने फोन करून सांगितलं होतंस, कॉलेजात होतीस. पण रद्द होईपर्यंत त्या पोरींच्या आयांनी काय काढलं असेल?

म्हणजे लिहू नकोस असं म्हणते का मी? गुरुवारी तसं म्हणाले. आज तसं म्हणवत नाही.

कारण मला 2019 चं यवतमाळचं संमेलनही आठवतं. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावलं आणि मग येऊ नका म्हणून कळवलं. इंदिरा गांधींची सख्खी आतेबहीण, आणि आणीबाणीत त्यांच्याच विरुद्ध लिहिणारी. ज्या बाईने घरच्यांना घाबरून लेखणी खाली ठेवली नाही, तिला आपण महाराष्ट्रात बोलावून परत फिरवलं. मला इतकी लाज वाटली की मी त्यांचं न झालेलं भाषण छापून काढून वाचनालयाच्या फळ्यावर लावलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते फाडलं, मी पुन्हा लावलं. हे तुला सांगितलं नव्हतं, कारण मग तू माझ्यावरच उलटली असतीस. आता उलट.

आणखी एक. तुझ्या व्हिडिओच्या शेवटी तू 'सिंहासन' सिनेमातला पत्रकार दिगू टिपणीस दाखवलास, निळू फुल्यांचं ते वेडं हसणं. आणि म्हणालीस की पत्रकाराला आता एवढंच उरलंय. मला हे पटत नाही. 1979 साली आम्ही तो सिनेमा पाहिला तेव्हा थिएटरमध्ये कुणी हसलं नव्हतं. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, संप, फितुरी, सगळं बघून बघून त्या माणसाचा तोल जातो. तो पत्रकार सगळं जाणून असतो, सगळ्यांच्या घरी त्याचं येणं-जाणं असतं. आत इतकं शिरलं आणि बाहेर सांगितलं नाही की माणसाचं असं होतं, असं मला त्यात दिसतं. 2022 ला शिवसेना फुटली, पुढच्या वर्षी राष्ट्रवादी फुटली, तेव्हा जो तो म्हणायचा, हे तर 'सिंहासन'च आहे. मला वाटायचं, नाही, तिथे निदान एक माणूस वेडा झाला. इथे सगळे शहाणेच राहिले, दुसऱ्या दिवशी नव्या गटाच्या बातम्या द्यायला हजर. तू राजीनामा दिलास तो दिगूसारखं व्हायला नको म्हणूनच ना? मग त्याला स्वतःचा चेहरा कशाला देतेस?

राजीनाम्याबद्दल बाबांना काळजी पैशांची आहे. ते तुला बोलणार नाहीत. स्कूटरचा हप्ता ते भरतील, तू तोंड उघडू नकोस. माझी पेन्शन आहे. दादाला मी काही सांगितलेलं नाही, ते तू सांग. त्याच्याशी बोलणं सुरू कर आता, गणपतीतलं भांडण किती दिवस चालवायचं! तो तिकडे राहून काहीही फॉरवर्ड करतो हे मान्य, पण त्या फोटोचं त्याला कळलं तेव्हा त्यानेच पहिल्यांदा मला फोन केला, आणि रडला. तुला सांगू नको म्हणाला होता.

आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. ती तुझी बाजू घेऊन साऱ्या वॉर्डशी भांडतेय.

आता ऐक. टेकडीवर जायचं असेल तर जा, मी कोण अडवणारी. पण रोज एकाच वेळेला नको आणि एकाच वाटेने नको. शेजारच्या त्या बँकेतल्या मुलीला सोबत घे. लोकेशन बाबांच्या फोनवर चालू ठेव, त्यांना बघता येतं, शिकलेत ते. रात्री कुणी पार्सल आणलं तर खालीच ठेवायला सांग. ओळखीचा आवाज आल्याशिवाय दार उघडायचं नाही. पुढचं जे लिहितेयस त्याची कच्ची प्रत मला पाठव. भाषेसाठी पाठव, मी मजकुराला हात लावणार नाही. तारीख, आडनाव, इकार-उकार यांत मी तुझ्या चॅनेलच्या सगळ्या डेस्कपेक्षा पक्की आहे, आणि तुझ्यावर तुटून पडायला टपलेल्यांना एखादी चुकीची तारीख पुरते.

बाबा येत्या शनिवारी सकाळच्या एसटीने पुण्याला येतायत. दाराला साखळी आणि पीपहोल बसवायचं म्हणून ड्रिल मशीन बंडूकाकांकडून मागून आणलंय, स्क्रू डबीत वेगळे करून ठेवलेत. घरमालकाला आधी विचारून ठेव, आणि बाबांना नको म्हणू नकोस. डब्यात चकल्या आणि मेतकूट देतेय. दुर्गाबाईंच्या 'व्यासपर्व'ची माझी प्रतही देतेय, अप्पांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत त्यात, तेवढ्या पुसू नकोस.

तुझी,
आई