सोनूच्या दुकानाबद्दल, आई-अण्णांना

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. अण्णांना फोनवर नीट ऐकू येत नाही, मी आवाज चढवला की त्यांना वाटतं मी चिडलोय, आणि मधे आई जे सांगते त्यात निम्मं मत तिचंच असतं. (आई, रागावू नको. मी म्हणालो होतो, ‘सोनू बारा ते नऊ जाते.’ तू अण्णांना सांगितलंस, ‘रात्री बारापर्यंत राबवून घेतात.’) म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरात छापून पाठवतोय. अण्णांनी स्वतः वाचावं, आईने वाचून दाखवू नये.

पहिलं म्हणजे, पैशासाठी तिला पाठवलेलं नाही. माझी नोकरी शाबूत आहे. तिची परीक्षा संपली, सुट्टीत काय करायचं म्हणून तिच्या दोन मैत्रिणी मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात लागल्या, ही पण विचारून आली. मी हो म्हणालो. तिच्या आईने एक दिवस तोंड फुगवलं, मग तीही हो म्हणाली.

तुम्ही दोघांनी मात्र फार मनाला लावून घेतलंय. आई म्हणाली, “चांगल्या घरची पोरगी लोकांच्या कपड्यांच्या घड्या घालत बसणार?” बसणार नाही, उभी राहणार, हा तर खरा प्रश्न आहे, त्याकडे नंतर येतो. आणि अण्णा, तुम्ही म्हणालात, “आम्ही जन्मभर उभं राहिलो ते तुम्हाला बसायला मिळावं म्हणून. तुला पाठवलं तेच बास झालं.” त्यानंतर तुम्ही फोन आईकडे दिलात.

ते ‘तुला पाठवलं’ माझ्या डोक्यातून जात नाही. 1994 च्या उन्हाळ्याबद्दल तुम्ही बोलताय हे मला कळलं. बारावीची परीक्षा झाली, पुढची फी दिसत होती, कारखान्यात तुमच्याकडचे माग कमी झाले होते, आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या मामांनी तिथल्या महाद्वार रोडवरच्या एका कापड दुकानात माझ्यासाठी शब्द टाकला. एसटीत बसवताना तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. इतकी वर्षं तुमची समजूत आहे की सुट्टीत पोरं विहिरीवर पोहत होती आणि तुम्ही मला कामाला जुंपलं. आई तर पाहुण्यांसमोर अजून सांगते, “लई सोसलं पोरानं.”

आई, मी सोसलं नाही. मला ते काम आवडलं होतं. हे कधी सांगायचं राहून गेलं, कारण तुम्ही कुणी विचारलंच नाही, आणि कष्टाळू मुलगा म्हणून जे कौतुक चाललं होतं ते मीही कशाला मोडू?

तर आता सांगतो.

लग्नसराई जोरात होती. कागल, राधानगरी, गडहिंग्लजकडून, पार निपाणीहून माणसं बस्ता बांधायला यायची. टेम्पो भरून यायची. नवरीकडचे, नवऱ्याकडचे, दोन्हीकडच्या आत्या, मावश्या, शेजारचं एखादं जाणतं माणूस, आणि कडेवरची पोरं. चपला बाहेर, सगळे पांढऱ्या गादीवर. आधी पाणी, मग चहा, मग शालू, मग मानपानाच्या साड्या, आहेराच्या साड्या, शेवटी टॉवेल-टोपी. सकाळी अकराला बसलेली पार्टी चार वाजेपर्यंत उठायची नाही. उठली की गादीवर साड्यांचा डोंगर, आणि तो डोंगर उतरवायचं काम आम्हा नव्या पोरांचं.

साडीची घडी एकट्याने होत नाही. एकाने पदर धरायचा, दुसऱ्याने दुसरं टोक, काठाला काठ जुळवत एकमेकांकडे चालत यायचं. सहावारीला जागा पुरायची. नऊवारी म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर, त्याला एक जण मागे मागे सरकत थेट दारापर्यंत जायचा आणि रस्त्यावरचं ऊन पाठीवर घ्यायचा. घडी मूळ चुणीवरच पडली पाहिजे. नवी चुणी पडली की साडी हाताळलेली दिसते, आणि हाताळलेली साडी कुणी घेत नाही. मला अजून झोपेतही साडीची घडी घालता येईल. सोनूची आई साड्यांच्या घड्या माझ्याकडूनच घालून घेते, हे तुम्हाला माहीत नसेल.

आमच्यात सगळ्यात जुने सेल्समन होते, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. पार्टी आत आली की ते कपड्यांकडे, दागिन्यांकडे बघायचे नाहीत, पैशाची पिशवी कुणाच्या काखेत आहे ते बघायचे. आणि ‘कितीपर्यंतचं दाखवू?’ असं कधी विचारायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. नंतर म्हणाले, “चार पावण्यांत मुलीच्या बापाला आकडा विचारतोस व्हय रं?”

एकदा नवऱ्याकडच्या एका आत्याबाईंनी एक शालू उचलला तो खाली ठेवीनात. किंमत सांगितली तशी मुलीच्या बापाने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची कड बोटाने चाचपत बसला. नवरी खाली बघत होती. तात्यांनी शालू हातात घेतला, उजेडाकडे नेला, पदर डोळ्यांजवळ धरला आणि तोंड वाकडं केलं. “न्हाई वैनी, हा न्हाई देत मी तुम्हाला. जरीला डाग हाय. लग्नकार्याला डागाचं देऊ व्हय? उद्या आमचं नाव निघंल.” तसाच गुंडाळून माझ्याकडे फेकला आणि त्याच रंगाचा, निम्म्या किमतीचा दुसरा पसरला. “ह्यो बगा, औंदा समदी ह्योच नेत्यात.” आत्याबाईंना तोही पसंत पडला. बापाने टोपी घातली.

मालक गल्ल्यावरून सगळं बघत होते. रात्री दुकान बंद करताना म्हणाले, “तात्या, डाग कुठाय?” तात्या म्हणाले, “गेला.” मालक हसले नाहीत, पण पुढे काही बोललेही नाहीत. त्या दुकानातला माल मालकांचा होता, पण गिऱ्हाईक तात्यांचं होतं, हे मालकांनाही ठाऊक होतं.

आता अण्णा, तुमची गोष्ट. घड्या घालणाऱ्या पोराला काउंटरवर कोण उभं करतं? मला केलं, ते तुमच्यामुळे.

जिन्याखाली परकराचं आणि अस्तराचं कापड असायचं. पॉपलिनचे तागे, सगळ्या रंगांचे. शिक्के राजस्थानातले, बालोतऱ्याचे. एक गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं, की हे कापड आणि शेजारच्या दुकानातलं कापड एकच, मग तुमच्याकडे मीटरमागे जास्त का? सेल्समनला उत्तर सुचेना. मी पुढे होऊन कापड उजेडात धरलं, दोन्ही नमुन्यांतला एकेक धागा ओढून काडीने पेटवला. एक कागदासारखा वास देत जळला आणि बोटांत चुरून गेला. दुसरा आखडला आणि त्याची टोकाला कडक गोळी झाली. मग दोन्हीचे आडवे धागे नखाने मोजून दाखवले, पिकात, म्हणजे इंचाला किती आडवे धागे बसतात त्यात, किती फरक आहे ते. गिऱ्हाईकाने मुकाट्याने पंधरा मीटर घेतलं.

मालकांनी विचारलं, कुठं शिकलास? मी म्हणालो, वडील इचलकरंजीला मागावर आहेत. तेव्हा तात्यांनीच मला सांगितलं की त्या ताग्यांवर शिक्का बालोतऱ्याचा असला तरी कोरं कापड बहुतेक आपल्याकडचं, नाहीतर मालेगाव-भिवंडीचं. तिकडे जाऊन रंगून परत येतं. पाळीवरून आलेल्या तुमच्या केसांत जी कापसाची लव असायची, ते कापड पुढे कुठे जातं याचा मी घरी कधी विचारच केला नव्हता. तिथे रोज मीटरपट्टीवर मोजत होतो. तुम्ही विणलेलंच होतं असं नाही म्हणत. पण त्या लग्नसराईत ज्या नवऱ्या मिरवल्या त्यांच्या शालूखाली इचलकरंजीचं पॉपलिन होतं, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. आणि तुम्ही सांगायचा की विठ्ठलराव दातारांनी 1904 साली गावात पहिला यंत्रमाग आणला, ती गोष्ट मी तात्यांना ऐकवली होती. ते म्हणाले, तरीच तुला नाक वर करून बोलायची सवय.

त्या दिवसापासून मी शर्टिंगच्या काउंटरवर. छत्तीस इंच पन्ह्याला फुल शर्टाला सव्वादोन मीटर, अठ्ठावन्न इंचीला एक साठ, पँटला एक वीस. हे पाढे मला अजून पाठ आहेत. तागा गादीवर आपटून उलगडताना जो आवाज होतो ना, त्यात वेगळीच ऐट वाटायची.

सगळं गोड होतं असं नाही. पाय दुखायचे. मामींनी मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय ठेवायला सांगितलं होतं, ते खरं आहे. ब्लाउजपीसचा एक गठ्ठा हिशेबात कमी भरला तेव्हा आम्हा सगळ्या पोरांच्या पगारातून थोडे थोडे कापले. चोर कोण ते कुणी शोधलं नाही. त्याचा राग मला अजून आहे. पण रागसुद्धा माझा स्वतःचा होता, माझ्या पगाराबद्दलचा. तोवर माझ्या वाट्याला सगळं घरचंच आलेलं.

तेव्हा आई, पुढच्या वेळी पाहुण्यांना सांगताना ‘पोरगं दुकानात रमलं होतं’ असं सांग. अण्णांनी तर ते ओझं आता उतरवूनच टाकावं.

आता सोनूचं. तिचं दुकान वेगळ्या जातीचं आहे. गादी नाही, चहा नाही, भावाची घासाघीस नाही. हँगर, साइजप्रमाणे रांगा, कपड्यांना लावलेले चोरीचे टॅग, ट्रायल रूमच्या दारात उभं राहून कोण किती कपडे घेऊन आत गेलं ते मोजायचं. लोक आत सहा कपडे नेतात, एकही घेत नाहीत, आणि उलटे करून जमिनीवर टाकून जातात. ती ते सरळ करून परत लावते. परवा घरी येऊन म्हणाली, “बाबा, लोक आपल्याशी बोलताना मोबाइलमधून वरही बघत नाहीत.” मला वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी आम्ही शर्ट घ्यायला गेलो, तेव्हा तिथल्या पोराचं नाव तिने आधी विचारलं. मी इतकी वर्षं खरेदी करतोय, मला कधी सुचलं नाही.

उभं राहण्याचं मात्र तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. तिच्या दुकानात कामाच्या जागी एकही स्टूल नाही. गिऱ्हाईक असो वा नसो, बसायचं नाही. तात्या निदान गादीवर मांडी तरी घालायचे. ही नवीन तऱ्हा मला पटत नाही, आणि तिलाही मी ते सांगितलंय. केरळात कापड दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी नुसतं बसायला मिळावं म्हणून कित्येक वर्षं लढा दिला, तेव्हा 2018 मध्ये सरकारने कायदा बदलला. तामिळनाडूने 2021 मध्ये तसंच केलं. सोनूने हे वाचलं आणि मैत्रिणींबरोबर जाऊन मॅनेजरला स्टूल मागितलं. ‘बघू’ असं उत्तर आलंय. बघू म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही मजुरीवाढीसाठी किती वेळा ते ऐकलंय. पण ती परत विचारणार आहे. आठवड्याची सुट्टी मिळते, जेवणाची सुट्टी मिळते, रात्री मी आणायला जातो. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की सोडणार आहे. तिला जड झालं तर आधीच सोडेल, मी अडवणार नाही.

आणखी एक काम आहे, अण्णा, तुमच्याकडे. पाकिटात कापडाचा एक तुकडा आहे. त्यांच्याकडे पँटची उंची कमी करून देतात, त्यातला उरलेला. लेबलवर शंभर टक्के सुती लिहिलंय. सोनूला हाताला तसं लागत नाही, आणि सुपरवायझर म्हणतो तुला काय कळतं. मी जाळून बघणार होतो, पण ती म्हणाली, आजोबांनाच विचारायचं. मला वाटतं मिसळ आहे, पण तुम्ही ठरवा. पिक पण मोजा, ती म्हणते लिहून पाठवायला सांगा.

आई, ते काडी पेटवतील तेव्हा परात पुढे दे, सोफ्यावर बसून नको. बी.पी.च्या गोळ्या मागच्या महिन्यातल्या उरल्या असतील तर त्या आधी संपव, नवीन पाकीट फोडू नको. आंबे पाठवू नको, मीच न्यायला येतो.

तुमचा,
बाळू