मेटल सोडलं म्हणून नावं का ठेवायची?

महोदय,

नॉर्वेच्या ‘उल्व्हर’ या बँडने मेटल (कर्कश गिटारींचं रॉक संगीत) सोडून इलेक्ट्रॉनिक पॉप धरलं, म्हणून आमच्या लातुरातली मेटलवेडी पोरं आजही त्यांना नावं ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. १९९७ च्या अल्बममध्ये गिटारी करवतीसारख्या कानात घुसतात, गायक जीव तोडून किंचाळतो. २०१७ मध्ये तोच क्रिस्टोफर रिग सिंथेसायझरच्या ठेक्यावर खालच्या पट्टीत, शब्दन् शब्द सुटा करून गातो. विषय मात्र नीरोचा, जळत्या रोमचा. काळोख तसूभरही कमी झालेला नाही! शिवाय हे बाजारासाठी एका रात्रीत घडलेलं नाही, २००० सालापर्यंतच ते इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळले होते. आपल्या पुरवणीत अशा बँडवर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, लातूर