ब्राह्मीच्या डबीबद्दल

पुणे, रविवार

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. काकू तुला अण्णा समजून हाक मारतात, हे वाचल्यावर बराच वेळ काही सुचेना.

काकूंच्या अल्झायमरवर, म्हणजे या स्मृतिभ्रंशाच्या आजारावर, मावशींनी आणलेलं ब्राह्मीचं चूर्ण द्यावं का, असं विचारलंस. वनस्पती म्हटलं की मी नाक मुरडणार, असं तुला वाटलं असेल. तसं नाही. स्नोड्रॉप या युरोपातल्या फुलझाडात सापडलेलं गॅलँटामिन बल्गेरियात १९५० च्या दशकात औषध म्हणून पुढे आलं आणि २००१ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी मंजूर झालं. आजार थांबत नाही त्याने, पण लक्षणं काही काळ जरा आवरतात. हे कळलं ते चाचण्यांतून.

गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काचं उलटं झालं. केवढा बोलबाला होता त्याचा! अमेरिकेत पंचाहत्तरी गाठलेल्या ३,०६९ जणांपैकी निम्म्यांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको आणि बाकीच्यांना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. कोणाला काय मिळतंय हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. सहाएक वर्षांनी, २००८ मध्ये निकाल आला: गिंकोवाल्यांत २७७ जणांना स्मृतिभ्रंश, दुसऱ्या गटात २४६ जणांना. म्हणजे आजार टाळायला गिंकोचा उपयोग शून्य. फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीतही २०१२ मध्ये तेच दिसलं.

तो दुसरा गट लागतोच रे. या आजारात बरे दिवस आपोआपही येतात. चूर्ण सुरू केलं त्याच आठवड्यात काकूंनी तुला नावाने हाक मारली, तर श्रेय चूर्णालाच जाणार. मीही तेच केलं असतं.

ब्राह्मीच्या चाचण्या झाल्यात, पण बहुतेक धडधाकट माणसांवर, थोड्या जणांवर आणि काही आठवड्यांच्या. अल्झायमरवर ती चालते असं म्हणण्याइतका पुरावा नाही. शिवाय बाजारात ब्राह्मी म्हणून कधी मंडूकपर्णी ही वेगळीच वनस्पती हातात पडते, आणि काहींचं ब्राह्मीने पोट बिघडतं.

मावशींचं मन मोडू नकोस, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय चूर्ण सुरू करू नकोस आणि त्यापायी चालू गोळी तर अजिबात बंद करू नकोस. गिंको कोणी सुचवलंच, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ते नको. रक्तस्रावाची भीती असते.

काकूंच्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि डबीवरच्या लेबलचा फोटो पाठव. आणि रात्री त्यांच्याजवळ कोण झोपतं, तेही कळव.

तुझा,
विकास