संस्थेच्या जुन्या मॅसी ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्ससाठी मदतीचे आवाहन

आपल्या सेवा सहकारी संस्थेचे सभासद, समस्त ग्रामस्थ, नोकरीधंद्यानिमित्त नागपूर-पुण्याकडे गेलेली गावची मंडळी आणि पंचक्रोशीतील मिस्त्री बांधव यांना संचालक मंडळाचा सप्रेम नमस्कार.

संस्थेच्या गोदामामागे उभा असलेला १९६० च्या दशकातील मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर आपणांपैकी बहुतेकांच्या ओळखीचा आहे. वर्धेकाठच्या आपल्या काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी एकदा माजली की बैलांच्या नांगराला ती आवरत नसे. अशा वावरांची उन्हाळवाही संस्थेने याच ट्रॅक्टरवर भाड्याने करून दिली, आणि ज्यांच्या दारात आज दोन-दोन ट्रॅक्टर उभे आहेत त्यांच्या वडिलांनीही त्या काळी नंबर लावून याची वाट पाहिलेली आहे. त्याचे पर्किन्सचे तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन आजही चांगले चालते. दुखणे गिअरबॉक्सचे आहे.

गेल्या पोळ्याला मिरवणुकीसाठी ट्रॅक्टर बाहेर काढला, तेव्हा जात्यात खडे भरडावेत अशी घरघर सर्वांनीच ऐकली. क्लच दाबला की हा आवाज थांबतो आणि गिअर न टाकता नुसता क्लच सोडला तरी पुन्हा सुरू होतो. म्हणजे न्यूट्रलमध्येही जे शाफ्ट फिरत राहतात, त्यांच्याच बेअरिंगमध्ये बिघाड असला पाहिजे. दुसऱ्या गिअरमध्ये त्याखेरीज ठरावीक अंतराने टकटक ऐकू येते, त्यावरून त्या गिअरचा एखादा दात तुटला असावा, असे मिस्त्रींचे मत आहे. खालचे बूच हळूहळू ढिले केले, तेव्हा आधी तांबूस पाणी आले आणि मग ताकासारखे पांढरे ऑइल.

२०२२ च्या जुलैमधील पुराचे पाणी गोदामापर्यंत आले होते, म्हणून दोष पुराचाच, असे आम्ही धरून चाललो होतो. मिस्त्रींनी ते मान्य केले नाही. पूर आत शिरला असता तर तळाशी गाळ सापडला असता, आणि येथे गाळाचा कणही नव्हता. पाणी वरून आले होते. गिअर लिव्हरच्या बुडाशी असलेले रबर फाटलेले आहे, शेडची टिनपत्रे वादळात उडाल्यानंतर ती पुन्हा बसवली गेली नाहीत, आणि दर पावसाळ्यात लिव्हरवरून ओघळणारे पाणी थेंबाथेंबाने आत उतरत राहिले. ही हयगय संस्थेची आहे, आणि मदत मागण्यापूर्वी ती कबूल करणे आम्हांस आवश्यक वाटते.

पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. ट्रॅक्टर महिनोन्‌महिने एकाच जागी उभा राहिला, की खालच्या शाफ्टचे बेअरिंग त्या पाण्यात बुडून राहते आणि त्यातील प्रत्येक रोलर जेथे टेकलेला असतो तेथेच गंजाचा चरा पाडतो. पुढे तो शाफ्ट फिरू लागला की ते चरेच आवाज करतात. या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, मागील एक्सल आणि मागे जोडलेली अवजारे उचलणारी लिफ्ट या तिघांना एकच ऑइल असते व लिफ्टचा पंप त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यामुळे गंजाची पूड पंपाच्या बारीक व्हॉल्व्हपर्यंत पोहोचली असणार. लिफ्ट उचलेनाशी झाली आहे, त्याचे कारण बहुधा हेच. जाड ऑइल भरून किंवा भुसा टाकून आवाज दाबण्याचा सल्लाही काहींनी दिला. जुनी गाडी विकणाऱ्यांचा तो उपाय आहे. आपल्याला हा ट्रॅक्टर विकायचा नाही.

काम करायचे तर ट्रॅक्टर दोन ठिकाणी उकलावा लागेल, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर व पुन्हा गिअरबॉक्सच्या मागे. पुढचा एक्सल मधल्या खिळीवर डुलत असल्याने, उकलण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकाव्या लागतात, नाहीतर सुटे झालेले इंजिन कुशीवर कलंडते. सर्व बेअरिंग, सील व पॅकिंग नवे, तुटलेला गिअर बदलून, पंप खोलून स्वच्छ करून, एकदा स्वस्त ऑइलने आतून धुऊन मग नवे ऑइल, असा एकूण खर्च ६५,००० रुपये धरला आहे. ऑइलच एका वेळी तीस लिटरांहून अधिक लागते. यांपैकी २०,००० रुपये संस्थेने मंजूर केले आहेत. उरलेल्या ४५,००० रुपयांसाठी आपणांस विनंती आहे.

पैशाइतकीच गरज वस्तूंची आणि हातांची आहे. कोणाच्या कोठ्यात किंवा भंगारात याच मॉडेलचा मोडका ट्रॅक्टर पडून असेल, तर त्याचा गिअरबॉक्स आम्हांस अवश्य पाहू द्यावा. बेअरिंगच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो. देणगीदाखल बेअरिंग आणू इच्छिणाऱ्यांनी अंदाजाने खरेदी न करता, जुने बेअरिंग निघाल्यावर तो नंबर कार्यालयातून घ्यावा. जड भाग उचलण्याची चेन कप्पी, दोन मजबूत जॅक आणि बेअरिंग ओढण्याचा पुलर दहा दिवसांसाठी उसना मिळाल्यास भाडे वाचेल. ज्या जुन्या मिस्त्रींनी पूर्वी हे गिअरबॉक्स उघडले आहेत, त्यांनी दिवसातून एखादा तास येऊन बसले तरी उपकार होतील, कारण हे काम करू इच्छिणाऱ्या गावातील आयटीआयच्या मुलांनी आजवर नवेच ट्रॅक्टर पाहिलेले आहेत. जळके ऑइल मात्र कृपया कोणी आणू नये. एका सद्गृहस्थांनी प्रेमाने आणलेला अर्धा डबा आम्हांला परत करावा लागला.

तोपर्यंत ट्रॅक्टर कोणीही सुरू करू नये, चालवून पाहण्यासाठीसुद्धा नाही. खराब ऑइल काढून टाकले असून लिव्हरवर प्लास्टिक बांधले आहे. मृग लागण्यापूर्वी गिअरबॉक्स उघडून, पोळ्यापर्यंत ट्रॅक्टर उभा करण्याचा विचार आहे. वर्गणी कार्यालयात सचिवांकडे देऊन पावती घ्यावी. जमाखर्च दर सोमवारी फलकावर लावला जाईल आणि रक्कम उरल्यास ती शेडच्या टिनपत्र्यांसाठी वापरली जाईल. लिव्हरखालचे नवे रबर संचालकांनी स्वखर्चाने आणून ठेवले आहे; त्यासाठी वर्गणी घेतली जाणार नाही.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव व संचालक मंडळ