कोकोपीट म्हणजे माती नव्हे, एवढं तरी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गच्चीवरच्या बागेबद्दल जे येतं ते मी नेमाने वाचते, कात्रणंही काढून ठेवते. पण गेल्या काही महिन्यांत "मातीचं ओझं नको, कोकोपीटमध्ये लावा, आठवड्यातून एकदा खत द्या" असा सल्ला तीनदा छापून आला आणि तिन्ही वेळा खरी गरजेची माहिती त्यात नव्हती, म्हणून हे पत्र. आमच्या सोसायटीतच चार घरी लोकांनी हौसेने कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणलं, रोपं मेली, आणि आता ते म्हणतात आपल्याला बागकाम जमत नाही. त्यांचं काही चुकलेलं नाहीये हो, त्यांना कोणी सांगितलंच नाही.

माझंही असंच झालं होतं. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात टोमॅटोची 24 रोपं ग्रो बॅगमध्ये लावली, दाबलेल्या कोकोपीटच्या 5 किलोच्या विटा पाण्यात भिजवल्या, फुगल्या, भरल्या आणि त्याच दिवशी रोपं लावून मोकळी झाले. दहाव्या दिवशी पानांच्या कडा करपायला लागल्या, दुकानात विचारलं तर म्हणाले खत कमी पडतंय, मग 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला 5 ग्रॅम असं आठवड्यातून दोनदा ओतलं, कडा जास्तच करपल्या. फळं धरली ती बुडाला काळी पडून गळाली. परत दुकानात, तर बुरशीचं औषध दिलं, तेही फवारलं. रोग नव्हताच मुळी. शेवटी माझा भाचा आला, तो तळेगावकडे पॉलिहाऊसवर काम करतो, त्याने बॅगेखालून गळणारं पाणी वाटीत घेतलं आणि मीटर बुडवलं तर ईसी 4.6! ईसी म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळलेत त्याचं माप, टोमॅटोला 2 च्या आसपास पुरे. मुळं खारट पाण्यात बसली होती आणि मी वरून आणखी खत घालत होते.

हा खारटपणा येतो कुठून तर नारळातूनच. झाड समुद्रकाठचं, सोडणातच पोटॅश, सोडियम, क्लोराईड भरपूर, शिवाय काथ्या सुटा करायला सोडणं खाडीच्या पाण्यात कुजत घालतात तिथलं मीठ वेगळं. काथ्या काढून उरलेला भुसा म्हणजे कोकोपीट. त्याच्या कणांना पोटॅश आणि सोडियम चिकटून बसलेलं असतं, आपण कॅल्शियम, मॅग्नेशियम दिलं की कोकोपीट ते स्वतःकडे ओढून घेतं आणि बदल्यात पोटॅश, सोडियम पाण्यात सोडतं. झाड उपाशी. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्यामुळे, त्यावर कुठलंही बुरशीनाशक चालणार नाही.

म्हणून आधी धुणं. मी आता वीट भिजवून जुन्या मच्छरदाणीत भरते आणि नळाखाली धरते, लालसर पाणी येत राहतं, दोनतीनदा पिळते, आणि आरओ बघायला येणाऱ्या माणसाकडे असतं ना तसलं टीडीएस मीटर (तेही पाण्यातले विरघळलेले क्षारच दाखवतं, स्वस्तात मिळतं) गळणाऱ्या पाण्यात घालते. आकडा नळाच्या पाण्याच्या जवळ आला की धुणं झालं. पण नुसत्या पाण्याने वरचं मीठ जातं, कणांना चिकटलेलं जात नाही, त्याला कॅल्शियम नायट्रेटच लागतं. 5 किलोच्या विटेला मी 100 ग्रॅम घेते, 25-30 लिटर पाण्यात विरघळवून त्यात कोकोपीट रात्रभर बुडवते, सकाळी निथळून परत एकदा साध्या पाण्याने धुते. एवढं एकदाच करायचं, आणि हे एकही पाणी कुंड्यांना घालायचं नाही.

दुसरी गोष्ट खताची, आणि इथेच तुमच्या पुरवणीतला सल्ला सगळ्यात जास्त नुकसान करतो. मातीत खत साठतं, जिवाणू ते हळूहळू झाडाला देतात. धुतलेल्या कोकोपीटमध्ये झाडाला खायला जवळपास काही नसतं. आठवड्यातून एकदा ढीगभर म्हणजे सहा दिवस उपवास आणि सातव्या दिवशी पंगत. इथे रोजच्या पाण्यातच थोडंथोडं द्यावं लागतं. 19:19:19 सगळे सांगतात पण त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही, आणि नत्र निम्म्याहून जास्त युरियाच्या रूपात, ते झाडाच्या उपयोगी आणायला जिवाणू हवेत आणि नव्या कोकोपीटमध्ये तेच कमी. मी फळावर आलेल्या टोमॅटोला 10 लिटरच्या बादलीत कॅल्शियम नायट्रेट 6 ग्रॅम, 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट) 4 ग्रॅम, 0:52:34 (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) 2 ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट 4 ग्रॅम घेते, वर चिलेटेड मायक्रोन्यूट्रिएंटची (लोह, जस्त अशी सूक्ष्म अन्नद्रव्यं, झाडाला सहज मिळतील अशा रूपात) चिमूट. ईसी 1.7-1.8 येतो, टीडीएस मीटरवर 900 च्या आसपास. लहान रोपांना याच्या निम्मं. बादलीत एक खत पूर्ण विरघळलं की मगच दुसरं टाकायचं. आणि घट्ट द्रावण करून बाटलीत भरून ठेवायचं असेल तर कॅल्शियम नायट्रेटची बाटली वेगळीच पाहिजे, सल्फेट किंवा फॉस्फेटशी घट्ट मिसळलं की पांढरा गाळ तळाशी बसतो आणि तो झाडाला मिळत नाही.

पाण्याचंही तसंच. मातीत आपण वरची माती सुकली की पाणी घालतो, कोकोपीट वरून फिकट कोरडं दिसतं आणि खाली चिंब असतं, त्यामुळे नुसतं वरून बघून कळत नाही. बॅग एका बाजूने उचलून वजन बघावं, आठवड्याभरात हाताला सवय होते. पूर्ण सुकू मात्र द्यायचं नाही, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, ईसी आपोआप चढतो, शिवाय कोकोपीट आकसून कडेला फट पडते आणि पुढचं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. आणि प्रत्येक वेळी एवढं घालायचं की 10 ते 20 टक्के खालून गळेल. या गळण्यानेच जुने क्षार धुऊन जातात. खाली ताटली ठेवून ते पाणी साचवू नये, बॅग ते परत शोषून घेते. पुण्यात उन्हाळ्यात टँकरची वेळ येते तेव्हा हे गळणारं पाणी मलाही बघवत नाही, म्हणून बॅगा विटांवर उचलून खाली पन्हळ लावलीय, ते पाणी खाली सोसायटीच्या पारिजातकाला आणि जास्वंदीला जातं, ती जमिनीत आहेत, त्यांना चालतं. मे महिन्यात मी दिवसातून तीनदा थोडंथोडं देते, थंडीत एकदा पुरतं. पावसाळ्यात तर पाऊस सगळं खत धुऊन नेतो, म्हणून उघडीप मिळाली की लगेच खताचं पाणी.

अजून एक, आमच्याकडे येणारं खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, माझं मीटर 100 च्या आत दाखवतं, म्हणजे त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियम फारसं मिळत नाही, वरून द्यावंच लागतं. पण बोअरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांचं उलटं आहे, आपल्या काळ्या खडकातलं पाणी जड, त्यात दोन्ही असतात पण बायकार्बोनेटमुळे सामू (पीएच) वर जातो, लोह अडकतं, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. पॉलिहाऊसवाले ॲसिड सोडून सामू 5.8 ते 6.2 वर आणतात, घरी ते करू नये असं माझं मत, त्यापेक्षा पावसाचं पाणी साठवून निम्मं मिसळावं.

ज्यांना रासायनिक खत नकोच आहे त्यांनी नुसतं कोकोपीट वापरूच नये, एक भाग कोकोपीट, एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं गांडूळखत असं करावं. धुणं तिथेही चुकत नाही.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. पुरवणीत पुढच्या वेळी कोकोपीट आलं तर धुण्याची आणि कॅल्शियमची कृती मापासकट छापा, हवं तर माझीच छापा. आणि दुसरी विक्रेत्यांना, व्यापारात कोकोपीट कमी ईसीचं आणि जास्त ईसीचं असं वेगळंच विकलं जातं, परदेशी माल घेणारा ईसी विचारूनच घेतो, मग आपल्या घरगुती विटेच्या वेष्टनावर तो आकडा का नाही? "100 टक्के सेंद्रिय" एवढंच मोठ्या अक्षरात असतं. धुतलंय की नाही आणि ईसी किती, या दोन ओळी छापल्या असत्या तर माझी 24 रोपं त्या वर्षी वाचली असती.

आपली,
एक नियमित वाचक, सिंहगड रोड, पुणे